शोधकाच्या घरचं झाकण

झाकण शेवटी बायनाबाईच्या घरी सापडलं.

श्रीहरीच्या घरात ते नव्हतं. राजदीपनं सकाळपासून माळा उपसला, धानाच्या कोठीमागं वाकून पाहिलं, सडकेवरच्या वर्कशॉपातल्या भंगारात हात घालून आला. ज्या झाकणाची गोष्ट तो तीन वर्षांपासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळा-कॉलेजांत सांगत फिरत होता, ते झाकण त्या गोष्टीच्या घरी एकही उरलेलं नव्हतं. घरात कुकर होता. राजदीपची बायको संघप्रिया शाळेत शिकवायला जाण्याआधी कुकर लावून जायची, आणि झाकणाचा शोध लावणारे तिचे सासरे, श्रीहरी, तो भात मिटक्या मारत खायचे.

शेजारच्या बायनाबाईनं मात्र चूल सोडली नव्हती. तिनं झाकण पदरानं पुसून राजदीपच्या हाती दिलं.

"संध्याकाळी वापस आणून दे गा," ती म्हणाली. "मले भात पसवाचा रायते."

साधंच होतं ते. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, अर्ध्या भागाला भोकं आणि काठाला समोरासमोर दोन आकडे. गंजात, म्हणजे भाताच्या भांड्यात, भात शिजला की हे झाकण वर ठेवायचं, आकडे गंजाच्या काठात अडकवायचे आणि गंज तिरपा करायचा. पेज भोकांतून गळून जाते, भात आत राहतो, हातावर काही सांडत नाही. कुकर घरोघरी यायच्या आधी कुरखेड्यापासून वडशापर्यंतच्या बाजारांत बाया 'श्रीहरीचं झाकण' म्हणून मागून घ्यायच्या. दिवाळीनंतरच्या मंडईंत, म्हणजे गावोगावच्या जत्रांत तर नाटकाच्या तंबूइतकीच गर्दी श्रीहरीच्या पालापुढं असायची, असं राजदीप सांगायचा. एवढी नसायची, पण असायची.

राजदीप तीन वर्षांपूर्वी कोरपन्याला सिमेंटच्या कारखान्यात होता. एका पाळीला त्यानं मोबाईलवर घरगुती वस्तूंचे शोध लावणाऱ्या माणसांच्या गोष्टी पाहिल्या. कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं पाहून एकानं वेल्क्रोची चिकटपट्टी शोधली. बायकोची बोटं स्वयंपाकघरात सारखी कापतात, भाजतात, म्हणून एकानं जखमेवर लावायची तयार पट्टी केली. नोकर महागाच्या बश्या फोडतात म्हणून एका बाईनं भांडी धुण्याचं यंत्र बनवलं. राजदीपला त्या रात्रपाळीत साक्षात्कार झाला की असा एक माणूस आपल्या घरी खाटेवर बसून पेपर वाचतो. त्यानं नोकरी सोडली आणि तो प्रेरणादायी वक्ता झाला.

त्याचं भाषण कुत्र्यापासून सुरू व्हायचं आणि आईच्या हातावर संपायचं. शेवटच्या चित्रात त्याच्या आईचं, सत्यशीलाचं, मनगट असे, त्यावरचा कातडी ओढल्यासारखा जुना व्रण मोठा करून दाखवलेला. "उकळत्या पेजेनं आईचा हात भाजला," राजदीप आवाज खाली आणून म्हणायचा. "त्या दिवसापासून बाबांना झोप लागेना. मित्रांनो, शोध प्रयोगशाळेत लागत नाहीत, शोध काळजात लागतात." घरी तो तिला माय म्हणायचा. आई ती फक्त भाषणात होती.

आज चंद्रपूरच्या एका कॉलेजातून ज्योत्स्ना मॅडम येणार होत्या. घरगुती शोधकांवर त्यांना वर्षभराची व्याख्यानमाला करायची होती, आणि ती पगारासकट राजदीपकडे द्यायचा विचार होता. त्याआधी त्यांना शोधक, शोधकाची पत्नी आणि झाकण, तिन्ही एका चित्रफितीत हवे होते.

संघप्रियानं राजदीपला स्पष्ट सांगितलं होतं, "हे जमलं तं जमलं. नाई जमलं तं कोरपन्याले फोन लाव." ती हे रागानं बोलली नव्हती, म्हणून राजदीप जास्त घाबरला होता.

*

रोशनी, राजदीपची धाकटी बहीण, मुलचेऱ्याहून खास आली होती. तिथं ती दवाखान्यात नर्स होती. येताना तिनं बाबांसाठी पांढरा सदरा आणला होता आणि आईसाठी काही आणायचं सुचलं नव्हतं, याची तिला रस्त्यात रुखरुख लागली होती. त्या रुखरुखीचा राग ती आता भावावर काढत होती.

"मायले कॅमेऱ्यापुढं काऊन बसवून राह्यला तू, दादा? बाबाचा सत्कार कर. मायचा हात काय दाखवाची चीज हाये?"

"हातच तं गोष्ट हाये," राजदीप म्हणाला. तो अंगणातल्या चुलीला फुंकर घालत होता. चित्रफितीत चूल पाहिजे म्हणून ती कालच लिंपून घेतली होती, आणि ओल्या मातीचा धूर त्याच्या डोळ्यांत जात होता. "त्या पट्टीवाल्याच्या गोष्टीतून बायकोचं बोट काढून टाक. काय उरते?"

दारात उभी राहून संघप्रिया तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मले एक सांगा. त्या बाईची बोटं कापून राह्यली होती, तं त्या माणसानं भाजी काऊन नाई कापली?"

रोशनी हसली. राजदीप हसला नाही. हा प्रश्न एखाद्या शाळेत कोणी विचारला तर काय उत्तर द्यायचं, याचा तो विचार करत होता.

"भाभी, तू काईबी बोल," रोशनी म्हणाली, "पण बाबासारखा माणूस पाह्यला नाई मी. आमच्या ह्यायले किती खेपा सांगितलं, माझ्या बाबानं मायसाठी झाकण बनवलं, तुमच्यानं साधा गॅस बंद होत नाई. तेवढं म्हटलं की ते गपचूप बाहीर निघून जातात."

संघप्रियानं मान हलवली. तिनंही ही गोष्ट दोन-चारदा राजदीपविरुद्ध वापरून पाहिली होती. पण राजदीप त्या गोष्टीचा वक्ताच असल्यामुळे तिचा त्याच्यावर परिणाम होत नव्हता.

तेवढ्यात ज्योत्स्ना मॅडमचा फोन आला. पुढं रस्त्यावर हत्तींचा कळप होता आणि वनखात्याची माणसं गाड्या सोडत नव्हती. चुलीवरचा पहिला गंज तोवर शिजून तयार झाला होता. वाट पाहता पाहता त्याचा गोळा झाला. तो बायनाबाईच्या गाईला गेला. दुसरा गंज चढवला, तोही गेला. तिसऱ्याला संघप्रियानं पाणी जास्त ठेवलं आणि जाळ कमी.

"हत्तीले काय, आपल्या तांदळाची पर्वा नाई," ती म्हणाली.

*

श्रीहरी पांढरा सदरा घालून पडवीत बसला होता आणि त्याला बरं वाटत नव्हतं.

तो बोलका माणूस नव्हता. ऑईल इंजिनं, मोटारपंप, सायकली अशी कामं करत त्याची उमेदीची वर्षं गेली. झाकण त्यातलंच एक काम. राजदीपनं पहिल्यांदा एका शाळेत ती गोष्ट सांगितली तेव्हा श्रीहरी पहिल्या रांगेत होता. गोष्ट ऐकून एक शिक्षिका डोळे पुसू लागली होती. तेव्हा उठून 'असं नाई झालं बाप्पा' म्हणावं, असं त्याला वाटलं होतं, पण त्याच्या गळ्यात हार होता आणि हार घातलेल्या माणसाला मध्येच बोलता येत नाही. पुढं ती गोष्ट इतक्यांदा ऐकली की कधी कधी त्याला खरंच वाटायचं, त्या रात्री आपल्याला झोप लागली नव्हती. खरं तर लागली होती. झोपेच्या बाबतीत त्याला आयुष्यात कधी अडचण आली नाही.

सत्यशीला आतून आली. तिनं नवी साडी नेसायला नकार देऊन रोजचंच हिरवं लुगडं नेसलं होतं. हातात राजदीपनं लिहून दिलेला कागद होता.

"रोशनीचे बाबा, हे वाचा जरा. मले चष्मा नाई सापडून राह्यला."

श्रीहरीनं वाचलं. "'माझा हात भाजला तेव्हा मी रडत होती. यांनी माझे अश्रू पुसले आणि म्हणाले, आजपासून तुझ्या हातावर पेज सांडणार नाही.'"

सत्यशीला त्याच्याकडं वळली.

"तुम्ही म्हटलं होतं असं?"

"नाई."

"मी रडत होती?"

"तू शिव्या देत होती," श्रीहरी म्हणाला.

सत्यशीलानं कागद घेतला, घडी केली आणि चुलीशी बसलेल्या सुनेला दिला. संघप्रियानं तो पेटवण म्हणून घातला. तिनं वाचला नव्हता. वाचला असता तरी घातला असता.

*

ज्योत्स्ना मॅडम आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सोबत वडशाहून विक्की होता, जो एरवी लग्नाचं शूटिंग करायचा. त्यानं सवयीनं आधी सगळ्या नातेवाइकांना एका रांगेत उभं केलं आणि म्हाताऱ्या जोडप्याला जरा जवळ सरकायला सांगितलं. मग सत्यशीलाला चुलीपुढं बसवलं. श्रीहरी बाजूला खुर्चीवर. बायनाबाईचं झाकण सत्यशीलाच्या हातात.

तिनं ते कित्येक वर्षांत हातात धरलं नव्हतं. बोटं आपोआप आकड्यांवर गेली, आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

ज्योत्स्ना मॅडम तरुण होत्या आणि त्यांना खरोखर ऐकायचं होतं. "काकू, तुमचा हात भाजला, आणि म्हणून काकांनी हे झाकण केलं. हो ना?"

"नाई," सत्यशीला म्हणाली. "झाकण केलं म्हून हात भाजला."

राजदीप पुढं सरकला. "माय, कॅमेरा चालू हाये."

"मले दिसून राह्यला."

"तिले नीट आठवत नाई, मॅडम. वय झालं."

"मनगट माझं हाये, राजदीप. मले नाई आठवणार तं कोणाले आठवेल?" तिचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं ती सांगत होती. "यायनं पहिलं झाकण केलं त्याले एकच आकडा होता. मले म्हणे, पसवून पाहाय. म्या गंज तिरपा केला आन् झाकण फिरलं. पेज, भात, सारं हातावर. राजदीप तवा पाळण्यात होता. त्याले घ्याले दुसरा हात तेवढा उरला."

"मग?" ज्योत्स्ना मॅडमनी विचारलं.

"मंग हे म्हणे, तुलेच धरता येत नाई. झाकण बराबर हाये."

विक्कीनं कॅमेऱ्यामागून डोकं काढून श्रीहरीकडं पाहिलं. श्रीहरी सदऱ्याची गुंडी पाहत होता.

"हाताचा घाव भरून आला, पण म्या गंजाले शिवली नाई. म्हटलं, झाकण बराबर हाये ना, तं तुम्हीच पसवा. भाजी करीन, भाकर करीन, पोराचं सारं करीन. भात नाई. माझी सासू म्हणे, असी सून कोणाच्या घरात नाई. रागानं लेकीच्या घरी निघून गेली. धानाची रोवणी चालू होती. बिन भाताचा माणूस चिखलात उभा राहीन कसा? तं हे शिजवू लागले."

"बाबा भात शिजवत होते?" रोशनीच्या तोंडून निघालं.

"दार लावून. कोणी पाह्यलं नाई पायजे म्हून. एक दिवस यायच्याबी हातावर झाकण फिरलं. आरडले नाई. लोकं आयकतीन म्हून. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात गेले आन् दुसरा आकडा लावून आणला."

ज्योत्स्ना मॅडम श्रीहरीकडं वळल्या. "काका, असंच झालं होतं?"

राजदीप वडिलांकडं पाहत होता. एक 'नाही' पुरला असता. सत्यशीलाही पाहत होती, पण वाट पाहिल्यासारखं नाही.

"असंच झालं," श्रीहरी म्हणाला. मग तो पुढं बोलला, आणि कॅमेऱ्यापुढं तो एकूण एवढंच बोलला. "बायकोचा हात भाजला, हे चार लोकात सांगता येत होतं. आपण भात शिजवला, हे नाई सांगता आलं."

*

सगळ्यांत जास्त दुखावली ती रोशनी. ती आईच्या मागून स्वयंपाकघरात गेली.

"इतके वर्षं सांगितलं काऊन नाई तू? मी सासरी तेच सांगत आली. त्या माणसाले मी किती बोलली त्याच्यावरून."

"मले कोणी विचारलंच नाई," सत्यशीला म्हणाली. "राजदीप सांगते, मी बसतो. आन् तुले बाप चांगला वाटून राह्यला होता. वाटू दे म्हटलं. तसा तो वाईट नाईच."

"मंग आता मी ह्यायले काय सांगू?"

"सांग, आमच्या बाबानं दोन महिने भात पसवला. जास्त कामाचं हाये ते."

रोशनी रडवेली होती तरी तिला ते पटलं, आणि पटल्याचा राग आला. ती बाहेर जाऊन वडिलांच्या शेजारी बसली. श्रीहरीनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं त्याच्या हाताची बाही वर सारली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, रुपयाएवढा फिका डाग होता. रोज रुग्णांचे हात पाहणाऱ्या रोशनीला बापाचा हात पाहायची कधी वेळ आली नव्हती.

तिकडं राजदीप विहिरीजवळ एकटा उभा होता. संघप्रिया त्याच्याकडं गेली. नवऱ्याची तीन वर्षं आत्ताच चुलीत गेली, असं तिला वाटत होतं. तिला वाईट वाटत होतं आणि थोडी सुटकाही. कोरपन्याचा फोन आज लावायचा की उद्या, एवढंच विचारायचं होतं.

राजदीप वळला. त्याचे डोळे चमकत होते.

"आयकलं तू?" तो म्हणाला. "उपोषण. मायचं उपोषण. रोवणीच्या दिवसात एका शेतकरी बाईनं—"

"त्या उपाशी नव्हत्या. भाजी-भाकर करत होत्या."

"असहकार म्हण मंग. बंद दाराआड शिजवणारा नवरा. संघप्रिया, हे पयल्या गोष्टीपेक्षा भारी हाये." तो हात उचलून काल्पनिक सभागृहाकडं बोलू लागला. "मित्रांनो, शोध काळजात लागत नाहीत. शोध लागतात ते नकारातून."

संघप्रियानं त्याच्याकडं पाहिलं. या माणसाच्या हातावर आज जणू सगळ्यांदेखत उकळती पेज सांडली होती आणि त्याला चटकाच बसला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला अजून त्याचं नवल वाटायचं.

ज्योत्स्ना मॅडमनाही हीच गोष्ट हवी होती. त्या चहा घेता घेता म्हणाल्या, "राजदीप सर, मालिका नक्की करू. पण पहिल्या कार्यक्रमाला काकू हव्यात."

"येईल ना," राजदीप म्हणाला. "मी सांगीन, ती मंचावर बसेल."

"बसणार नाई मी," सत्यशीला दारातून म्हणाली. "लय बसली. सांगाचं तं मीच सांगीन."

"मंग मी काय करू, माय?"

"तू भात पसव. तिथी, लोकायसमोर."

विक्की हसला. राजदीपनं मदतीसाठी वडिलांकडं पाहिलं. श्रीहरीनं पेपर उघडला होता.

"त्याले येत नाई, आत्याबाई," संघप्रिया म्हणाली. "चहासुदिक येत नाई."

"शिकेल. बापाले तरी कुठी येत होतं?"

राजदीपला वाटलं होतं हा विनोद आहे. पण तिसरा गंज चुलीवर होता, भात उमलून वर आला होता, आणि त्याची आई पदर खोचून त्याच्यासाठी दोन फडके घेऊन उभी होती. ज्योत्स्ना मॅडमनी विक्कीला खूण केली. रोशनीनं जमिनीवर पेजेचं पातेलं ठेवलं. बायनाबाई आपलं झाकण न्यायला आली होती, तीही कुंपणाशी थांबली.

राजदीपनं झाकण बसवलं. एक आकडा लागला, दुसरा लागेना. सत्यशीलानं मदत केली नाही. तो लागल्यावर त्यानं फडक्यांनी गंज धरून उचलला. त्याच्या अंदाजापेक्षा तो पुष्कळ जड होता. तिरपा केला तशी वाफ तोंडावर आली आणि त्याचा चष्मा पांढरा झाला.

"पाहा," तो कॅमेऱ्याच्या दिशेनं म्हणाला, "आता या क्षणी माझ्या मनात—"

"बोलू नको," सत्यशीला म्हणाली. "पेज गळेपर्यंत बोलाचं नसते. हाताकडं पाहाय."

त्याला काही दिसत नव्हतं, तरी त्यानं हाताकडं पाहिलं. पेजेची धार पातेल्यात पडू लागली. तो गप्प होता, आणि इतकी माणसं समोर असताना तो गप्प आहे हे संघप्रिया पहिल्यांदा पाहत होती.

श्रीहरी पेपर ठेवून उठला. त्यानं बादलीत फडका बुडवला, पिळला आणि पोराच्या जवळ येऊन तो ओला फडका त्याच्या मनगटाखाली धरून उभा राहिला.